रायन टेन डोशेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताचा मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर याच्याबरोबर हा माणूस भारतीय ड्रेसिंग रूममध्ये आल्यापासून त्याच्याबद्दलचे प्रश्न थांबलेले नाहीत. काहींना तो फक्त ‘गंभीरचा केकेआरवाला’ (केकेआर म्हणजे आयपीएलमधला कोलकाता नाइट रायडर्स संघ) म्हणून माहीत आहे, काहींना नागपूरची खेळी आठवते, तर काहींच्या हाती ६७ ही सरासरी लागते आणि ते चक्रावून विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा नेमका कोण? दोन ओळींत सांगा.

नेदरलँड्सचा माजी अष्टपैलू खेळाडू. उजव्या हाताचा मधल्या फळीतला फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाज. जन्म ३० जून १९८०, दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथचा. नेदरलँड्सकडून ३३ एकदिवसीय आणि २४ आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-२० सामने खेळला. इंग्लंडमधल्या एसेक्स कौंटीकडून (कौंटी म्हणजे तिकडचा प्रादेशिक संघ) जवळजवळ दोन दशकं खेळला आणि तिचा कर्णधारही झाला. २०२१ मध्ये निवृत्त झाला, जुलै २०२४ मध्ये भारताचा साहाय्यक प्रशिक्षक झाला.

२. आडनाव कसं म्हणायचं? प्रत्येक वाहिनीवर वेगळं ऐकू येतं.

डच उच्चार ‘डुस्खाटे’च्या जवळ जातो. मराठीत डोशेट, डोएशे, डेस्काटे असं सगळं छापून येतं. इथे ‘टेन डोशेट’ ठेवलंय. ‘टेन’ हा आडनावाचाच भाग आहे, त्यामुळे नुसतं ‘डोशेट’ म्हणणं अर्धवट ठरतं. सहकारी त्याला ‘टेंडो’ म्हणतात. अडचण वाटली तर तेच म्हणा.

३. जन्म दक्षिण आफ्रिकेत, शिक्षण केप टाउनला, मग नेदरलँड्सकडून कसा काय?

घराण्याची मुळं डच, त्यामुळे डच नागरिकत्व आणि पासपोर्ट मिळाला. हा पासपोर्ट दोन ठिकाणी कामी आला. एक तर नेदरलँड्सच्या संघाचं दार उघडलं. दुसरं म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक असल्यामुळे कौंटीत परदेशी खेळाडूच्या मोजक्या जागांसाठी झगडावं लागलं नाही. केप टाउनमध्ये तो इंग्लंडचे आणि एसेक्सचे माजी कर्णधार ग्रॅहम गूच यांच्या नजरेत भरला आणि २००३ मध्ये एसेक्समध्ये दाखल झाला. नेदरलँड्ससाठी पहिला एकदिवसीय सामना त्यानंतर तीन वर्षांनी खेळला.

‘मग तो खरा डच नाहीच’ असं लिहिणारे बरेच असतात. नेदरलँड्सच्या संघात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत आणि पाकिस्तान इथली मुळं असलेले खेळाडू कायम राहिले आहेत. हॉकी आणि फुटबॉलने व्यापलेल्या देशात क्रिकेट क्लबांच्या एका लहान वर्तुळात खेळलं जातं, तिथे असा संघ उभा राहणं साहजिक आहे. इंग्लंडच्या संघात दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले किती खेळले हे आठवलं, तर एकट्या डचांनाच हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

४. एकदिवसीय सामन्यांत ६७ ची सरासरी? छपाईची चूक तर नाही ना?

चूक नाही. ३३ सामने, ३२ डाव, त्यातले ९ नाबाद, १५४१ धावा. म्हणजे बाद २३ वेळा. १५४१ ला २३ ने भागा, बरोबर ६७ येतात. पाच शतकं, नऊ अर्धशतकं, सर्वोच्च ११९. वर ५५ बळी, तेही सरासरी २४ धावांच्या मोबदल्यात. विराट कोहलीची एकदिवसीय सरासरी सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या आसपास आहे. म्हणजे निव्वळ आकडा पाहिला तर टेन डोशेट त्याच्या बराच पुढे. हजाराहून जास्त एकदिवसीय धावा करणाऱ्यांत त्याचं नाव वर्षानुवर्षं अगदी वरती राहिलं आहे.

आकडा खरा आहे. त्यावरून तो कोहलीपेक्षा मोठा ठरत नाही, ते का हे पुढच्या उत्तरात.

५. पण या धावा कुणाविरुद्ध केल्या? केनिया, बर्म्युडा यांच्याविरुद्धच ना?

बऱ्याचशा, हो. त्या काळी नेदरलँड्सच्या वाट्याला येणारे सामने मुख्यतः केनिया, कॅनडा, बर्म्युडा, स्कॉटलंड, आयर्लंड आणि अफगाणिस्तान यांच्याशी असत. आयर्लंड आणि अफगाणिस्तान तेव्हा कसोटी देश नव्हते. पाच शतकांपैकी पूर्ण सदस्य (म्हणजे कसोटी खेळणाऱ्या) देशाविरुद्धचं शतक एकच, नागपूरचं (प्रश्न ६). शिवाय ३२ डावांत ९ वेळा नाबाद राहिल्यामुळे सरासरी फुगते, हेही खरं.

मात्र हाच निकष उलट बाजूनेही लावून पाहा. याच संघांविरुद्ध त्याच काळात इतर संलग्न (म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या) देशांचे डझनभर फलंदाज खेळले, तीच मैदानं, तेच गोलंदाज. ६७ च्या जवळपासही कुणी पोचलं नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) त्याला २००८, २०१० आणि २०११ असा तीनदा संलग्न देशांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं. कौंटीत, जिथे समोर कसोटी दर्जाचे गोलंदाज असत, तिथेही त्याने वर्षानुवर्षं धावा केल्या (प्रश्न ११). माझं मत विचाराल तर तो पहिल्या दर्जाचा एकदिवसीय खेळाडू होता. मोठ्या देशाकडून दीडशे सामने खेळला असता तर सरासरी पंचेचाळीसच्या आसपास स्थिरावली असती आणि नाव घरोघरी पोचलं असतं. ६७ हा त्याच्या गुणवत्तेचा जितका पुरावा आहे, तितकाच त्याला किती थोडं आणि कुणाशी खेळायला मिळालं याचाही आहे.

६. नागपूरच्या त्या सामन्यात नेमकं काय झालं होतं?

२२ फेब्रुवारी २०११, विश्वचषक, जामठ्याचं मैदान, समोर इंग्लंड. सामना एकतर्फी होईल असंच सगळे धरून चालले होते. नेदरलँड्सने पहिली फलंदाजी केली. टॉम कूपरने ४७ धावा केल्या, पण डाव उभा केला तो टेन डोशेटने. ११० चेंडूंत ११९. सुरुवातीला एकेक-दोनदोन धावा चोरत खेळला आणि अखेरच्या षटकांत वेगवान गोलंदाजांना सरळ उचलायला लागला. जेम्स अँडरसनच्या दहा षटकांत ७२ धावा गेल्या, बळी एकही नाही. इंग्लंडचं क्षेत्ररक्षण त्या दिवशी इतकं ढिसाळ होतं की झेल सुटले ते सुटलेच, वर शेवटी एक बळी हातातून गेला, कारण वर्तुळाच्या आत पुरेसे क्षेत्ररक्षकच नव्हते आणि पंचांनी तो चेंडू नोबॉल ठरवला. नेदरलँड्स ६ बाद २९२.

इंग्लंडने अँड्र्यू स्ट्रॉसच्या ८८ धावांच्या जोरावर सामना सहा गडी राखून जिंकला, पण ४९ व्या षटकापर्यंत खेळावं लागलं. टेन डोशेटने गोलंदाजीतही दोन बळी घेतले. पराभूत संघातला असूनही सामनावीर तोच ठरला. त्यावर वाद घालणारा कुणी मला अजून भेटलेला नाही.

विदर्भातले वाचक विचारतात म्हणून सांगतो, याच विश्वचषकात त्याने दुसरं शतकही केलं. १८ मार्चला कोलकात्यात आयर्लंडविरुद्ध १०६. नेदरलँड्सने ३०६ केल्या, पॉल स्टर्लिंगच्या शतकामुळे तेही कमी पडले.

७. मग २०११ नंतर तो एकही एकदिवसीय सामना का खेळला नाही? फक्त तिशीचा तर होता.

कोलकात्याचं ते १०६ हा त्याचा शेवटचा एकदिवसीय डाव. शेवटच्या डावात शतक, आणि तेही विश्वचषकात!

कारणं एकाहून जास्त आहेत. एक म्हणजे पोटापाण्याचं गणित. कौंटीचा हंगाम आणि डच उन्हाळा एकाच वेळी येतात. एसेक्सचा करार हा त्याचा खरा रोजगार होता, त्यात आयपीएलची भर पडली (प्रश्न १२). डच क्रिकेट मंडळाकडे त्याला तोडीस तोड मोबदला द्यायची ऐपत नव्हती. दुसरं कारण सामन्यांचा दुष्काळ. २०१४ मध्ये न्यूझीलंडमधल्या पात्रता स्पर्धेत अपयश आलं आणि नेदरलँड्सने एकदिवसीय दर्जाच गमावला. २०१५ चा विश्वचषक हुकला. तो दर्जा परत मिळेपर्यंत २०१८ उजाडलं. त्यातच आयसीसीने विश्वचषक दहा संघांवर आणला. नेदरलँड्स पुढचा एकदिवसीय विश्वचषक खेळला तो थेट २०२३ मध्ये, भारतात. तोवर टेन डोशेट निवृत्त होऊन प्रशिक्षक झाला होता.

ट्वेन्टी-२० मध्ये मात्र तो परतला. ते प्रश्न १३ मध्ये.

८. लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवलं तेव्हा तो होता का?

होता, आणि शेवटच्या चेंडूला खेळपट्टीवरच होता. ५ जून २००९, ट्वेन्टी-२० विश्वचषकाचा सलामीचा सामना. इंग्लंडने १६२ केल्या होत्या. टॉम दे ग्रूथने ३० चेंडूंत ४९ करून सामना जिवंत ठेवला आणि शेवटच्या षटकात सात धावा हव्या होत्या. गोलंदाज स्टुअर्ट ब्रॉड. त्या एका षटकात ब्रॉडने धावबादची संधी घालवली, स्वतःच्याच गोलंदाजीवरचा झेलही सोडला. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्यात, समोर एड्गर शिफर्ली, दुसऱ्या टोकाला टेन डोशेट. शिफर्लीचा फटका ब्रॉडकडेच गेला. दोघे पळाले, ब्रॉडने यष्ट्यांवर फेकलेला चेंडू हुकला आणि लांब गेला, दुसरी धावही पूर्ण झाली. यजमान लॉर्ड्सवर सलामीलाच गार. टेन डोशेट २२ नाबाद.

९. २०१४ मध्ये डचांनी इंग्लंडला पुन्हा हरवलं, ८८ धावांत गुंडाळून. त्यातही तोच होता ना?

नाही. चितगावच्या त्या सामन्यात तो संघातच नव्हता. दोन्ही विजय एकत्र सांगताना बऱ्याच लेखांत गल्लत होते.

१०. कसोटी खेळला नाही म्हणता, मग २५९ नाबाद ही धावसंख्या कुठून आली?

नेदरलँड्सला कसोटी दर्जा नाही, म्हणून कसोटी सामना खेळण्याचा प्रश्नच नव्हता. पण आयसीसीने संलग्न देशांसाठी इंटरकॉन्टिनेन्टल कप नावाची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा चालवली होती. त्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा होता. त्यात २००६ मध्ये प्रिटोरिया इथे कॅनडाविरुद्ध त्याने २५९ नाबाद केल्या. हीच त्याची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी. कौंटी धरून प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा आणि दोनशेहून जास्त बळी आहेत.

११. एसेक्समध्ये त्याने असं काय केलं की तिकडचे लोक त्याला एवढं मानतात?

मला विचाराल तर कारकिर्दीतला सर्वांत भरीव भाग हाच, आणि भारतात याचीच सर्वांत कमी चर्चा होते.

एसेक्सने कौंटी अजिंक्यपद १९९२ मध्ये गूचच्या काळात जिंकलं होतं. मग उतरती कळा लागली आणि संघ दुसऱ्या श्रेणीत अडकून पडला. २०१६ मध्ये चार दिवसांच्या सामन्यांचं कर्णधारपद जेम्स फॉस्टरकडून टेन डोशेटकडे आलं. पहिल्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून संघ वर चढला. दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, थेट अजिंक्यपद. पंचवीस वर्षांनी आलेलं, तेही हंगामात एकही सामना न हरता. सायमन हार्मरची फिरकी आणि जेमी पोर्टरची वेगवान गोलंदाजी हे त्याचे दोन हुकमी एक्के. २०१९ मध्ये पुन्हा अजिंक्यपद मिळालं. शेवटचा सामना टाँटनला सॉमरसेटशी होता, एसेक्सला अनिर्णित पुरेसा होता आणि पावसाने बरीच मदत केली. मार्कस ट्रेस्कॉथिकचा तो निरोपाचा सामना, म्हणजे घरच्या प्रेक्षकांच्या जखमेवर मीठच. त्याच मोसमात एसेक्सने कौंट्यांची ट्वेन्टी-२० स्पर्धा, ट्वेन्टी-२० ब्लास्ट, हीही जिंकली, पण तिथे कर्णधार हार्मर होता.

त्यानंतर त्याने कर्णधारपद टॉम वेस्टलीकडे दिलं. २०२० चा बॉब विलिस करंडक वेस्टलीच्या नेतृत्वाखालचा आहे, तो टेन डोशेटच्या खात्यात टाकू नका.

१२. आयपीएलमध्ये खेळलेला पहिला डच खेळाडू तोच का?

इथे एक मेख आहे. २०११ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्याला दीड लाख डॉलरला घेतलं. संलग्न देशाचा खेळाडू म्हणून ओळख असताना आयपीएल करार मिळवणारा पहिला, असं त्याच्याबद्दल म्हटलं जातं ते या अर्थाने. पण ऑस्ट्रेलियात जन्मलेला वेगवान गोलंदाज डर्क नॅनेस २००९ च्या आयपीएलमध्ये दिल्लीकडून खेळला आणि लगेच जूनमध्ये नेदरलँड्सकडून ट्वेन्टी-२० विश्वचषक खेळला. आयपीएल खेळताना मात्र तो अजून कुठल्याच देशाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू नव्हता. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला तर आधी निकष विचारून घ्या.

२०११ ते २०१५ असे पाच हंगाम तो केकेआरमध्ये होता. २०१२ आणि २०१४ च्या विजेत्या संघांचा भाग. तरी सामने तिशीच्या आतच, कारण अकरा जणांत चारच परदेशी खेळवता येतात आणि तेव्हा केकेआरकडे कॅलिस, नारायण, मॅक्युलम, ब्रेट ली, शाकिब अशी रांग लागलेली होती. कर्णधार गौतम गंभीर. पुढच्या नोकरीची बीजं तिथेच पडली (प्रश्न १४).

याखेरीज टास्मानिया, न्यूझीलंडचा ओटागो, बांगलादेशातला चितगाव किंग्ज अशा संघांकडूनही तो खेळला.

१३. चार चेंडूंत चार बळी गेले त्यात तो होता हे खरं का? कारकीर्द अशी संपली?

खरं आहे. २०१९ च्या अखेरीस अमिरातीत झालेली ट्वेन्टी-२० पात्रता स्पर्धा नेदरलँड्सने जिंकली, त्या संघात तो होता. विश्वचषक २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात व्हायचा, कोविडमुळे तो २०२१ मध्ये अमिराती आणि ओमानमध्ये गेला. टेन डोशेट तेव्हा ४१ वर्षांचा. स्पर्धेनंतर निवृत्त होणार हे आधीच जाहीर झालं होतं.

१८ ऑक्टोबरला अबू धाबीत आयर्लंडच्या कर्टिस कँफरने लागोपाठच्या चार चेंडूंवर अकरमन, टेन डोशेट, एडवर्ड्स आणि फान देर मर्व यांना बाद केलं. टेन डोशेट पहिल्याच चेंडूवर पायचीत. दोन दिवसांनी नामिबियाविरुद्ध डेव्हिड वीझाने सामना काढून नेला. टेन डोशेटचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. पुढे श्रीलंकेने डचांना ४४ धावांत गुंडाळलं, त्यात तो नव्हता. ट्वेन्टी-२० तली त्याची सरासरी ४१ राहिली.

१४. फलंदाजी प्रशिक्षक वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा. मग भारतीय संघात हा करतो काय?

पदाचं नाव साहाय्यक प्रशिक्षक. एका ठरावीक खात्यात न अडकता मुख्य प्रशिक्षकाला हवं तिथे हात लावणारा माणूस. सरावाच्या वेळी फलंदाजांबरोबर असतो, क्षेत्ररक्षणाच्या कवायतीतही दिसतो आणि पत्रकार परिषदेला वारंवार पुढे येतो. खेळपट्टी, संघनिवड, दुखापती यांवर तो गंभीरपेक्षा सविस्तर आणि कमी आढेवेढे घेऊन बोलतो, असं माझं निरीक्षण.

निवड ओळखीतून झाली का? ओळख होतीच, ती कुणी लपवलेली नाही. पण मधे बरंच काम झालं होतं. निवृत्तीनंतर केंट कौंटीत फलंदाजीचं मार्गदर्शन, मग केकेआरचा क्षेत्ररक्षण प्रशिक्षक. तिथे कर्मचारीवर्गात जेम्स फॉस्टरही होता, ज्याच्याकडून त्याने एसेक्सचं कर्णधारपद घेतलं तोच. २०२४ मध्ये गंभीर मार्गदर्शक असताना केकेआर जिंकला आणि गंभीर भारताचा प्रशिक्षक झाल्यावर टेन डोशेट व मुंबईकर अभिषेक नायर साहाय्यक म्हणून आले. नायर एप्रिल २०२५ मध्ये बाहेर पडला, टेन डोशेट राहिला.

कामगिरी संमिश्र आहे. २०२४ मध्ये न्यूझीलंडने भारताला घरच्या मैदानांवर ०-३ असं धुतलं. गहुंज्याच्या कसोटीत मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि मायदेशातल्या सलग १८ मालिका विजयांची साखळी पुण्यात तुटली. मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला. यातलं किती श्रेय किंवा किती दोष साहाय्यकाचा, हे बाहेरून सांगता येत नाही. सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

१५. दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने विश्वचषकात सहा षटकार याच्याच षटकात मारले ना?

नाही. तो दान फान बुंगे, लेगस्पिनर. १६ मार्च २००७, सेंट किट्स. टेन डोशेट त्या सामन्यात होता, एवढाच संबंध.

तसा त्याने मार फार जवळून पाहिलाय. ४ जुलै २००६ ला आम्स्टेलफेन इथे त्याचा पहिलाच एकदिवसीय सामना होता आणि त्यात श्रीलंकेने ९ बाद ४४३ केल्या. हा तेव्हाचा विश्वविक्रम, जो पुढे दहा वर्षं टिकला.

१६. आयर्लंडचा मॉर्गन इंग्लंडकडून खेळला. मग टेन डोशेटला तसा रस्ता नव्हता का?

नियम एकाच दिशेने सैल आहेत. संलग्न देशाकडून पूर्ण सदस्य देशाकडे जायला थांबावं लागत नाही, नव्या देशाचा पात्रता निकष पूर्ण केला की झालं. ऑयन मॉर्गन २००९ मध्ये असाच आयर्लंडकडून इंग्लंडकडे गेला. नॅनेस तर त्याच वर्षी जूनमध्ये नेदरलँड्सकडून आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र काही वर्षं थांबावं लागतं. रूलोफ फान देर मर्व दक्षिण आफ्रिकेकडून खेळून झाल्यावर बऱ्याच काळाने, २०१५ मध्ये, डच संघात आला. म्हणजे छोट्या देशांनी खेळाडू घडवायचे आणि मोठ्यांनी हवे तेव्हा उचलायचे. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. टेन डोशेटच्या बाबतीत एवढंच म्हणता येतं की शेवटपर्यंत तो दुसऱ्या कुठल्या देशाकडून खेळला नाही.

१७. आज डच संघात त्याच्या जातकुळीचा कोण आहे?

बास दे लीडे. ६ जुलै २०२३ ला बुलावायोत स्कॉटलंडविरुद्ध त्याने आधी ५ बळी घेतले, मग ९२ चेंडूंत १२३ करून २०२३ च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. तोही फलंदाजी आणि मध्यमगती गोलंदाजी करणारा, तोही कौंटीत खेळलेला. आणि आडनाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे. २००३ च्या विश्वचषकात पार्ल इथे सचिन आणि द्रविडला बाद करून सामनावीर ठरलेला टिम दे लीडे हा त्याचा बाप.